नदीपासून लांब नव्हे, नदीपेक्षा उंच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही ऐरोलीला राहता, मुलगी ५ वर्षांची आणि मुलगा ९ वर्षांचा आहे, बरोबर ६८ वर्षांच्या सासूबाई येणार आहेत. डिसेंबरातल्या एका शनिवारी कर्जतच्या बाजूला नदीकाठी स्वतःचा तंबू लावून एक रात्र काढायची आहे. त्यासाठी चार माणसांचा तंबू विकत आणून ठेवला आहे. ओळखीच्या कोणीतरी एक जागा सुचवली आहे, नदीच्या वळणावरची सपाट वाळू, पाण्यापासून साधारण तीस पावलांवर. एवढे अंतर पुरेसे आहे का आणि बरोबर काय काय न्यावे, हे तुम्हाला हवे आहे.

मी ठाण्यात राहतो आणि गेली बावीस वर्षे कर्जत, मुरबाड आणि शहापूर या तालुक्यांत कुटुंबांना आणि शाळकरी मुलांना मुक्कामी नेतो आहे. त्या अनुभवावरून पहिले उत्तर स्पष्टपणे देतो : ती जागा नको. दुसरे असे की, नदीपासून किती लांब हा प्रश्न जवळजवळ सगळेच विचारतात, पण त्याचे उत्तर फुटांत देता येत नाही. सपाट वाळवंटात तीस पावले चालून गेलात तरी तुम्ही पाण्यापेक्षा फार तर हातभर वर असता, आणि उंच दरडीच्या काठावर पाच पावलांवर असलात तरी पाणी तुमच्यापर्यंत कधीच येत नाही. म्हणून विचारायचे ते असे : रात्रीत पाणी किती चढू शकते, आपण त्याच्यापेक्षा किती उंच आहोत, आणि अंधारात दोन मुले व एक वृद्ध बाई यांना घेऊन आणखी वर जायला आपल्याला किती वेळ लागेल. जागेची निवड या तीन गोष्टींवर ठरते. सामानाची यादी त्यानंतर.

वळणाच्या आतल्या बाजूची ती सपाट वाळू तिथे कोणी आणून टाकली, एवढा विचार केला तरी पुष्कळ कळते. नदी वळताना बाहेरचा काठ कापत जाते आणि आतल्या बाजूला, जिथे प्रवाह मंदावतो तिथे, वाळू टाकत जाते. म्हणजे तंबूसाठी ज्या जागा आपल्याला मुद्दाम करून ठेवल्यासारख्या वाटतात त्या बहुधा नदीच्या पात्रातल्याच असतात. वर्षातले आठ महिने त्या फक्त उघड्या पडलेल्या असतात. अशा वाळवंटाच्या मागे अनेकदा एक उथळ, कोरडी घळ असते. पाणी वाढले की ते आधी त्या मागच्या घळीतून वाहू लागते, आणि तुम्ही समोरच्या पाण्याकडे बघत बसलेले असताना तुमच्या जागेचे बेट झालेले असते. हे वाचायला थोडे नाटकी वाटेल, पण एकदा तुम्ही त्या वाळूवर उभे राहून पाठीमागे वळून पाहिलेत तर ती घळ तुम्हाला स्वतःलाच दिसेल.

यावर तुम्ही म्हणाल की डिसेंबरात पाऊस कुठला, मग पाणी वाढेलच कशाला? आपल्या भागातील नद्यांची खरी गंमत इथेच आहे आणि ती बाहेरून येणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या नद्या आखूड असतात. पावसाळा संपला की त्या भराभर आटतात आणि डिसेंबरपर्यंत त्यांचे ओहोळ आणि डोह एवढेच उरते. त्यामुळे या महिन्यात एखादी नदी काठोकाठ, खळाळत वाहताना दिसली तर तिच्यात वरून कोणीतरी पाणी सोडते आहे असे समजावे. कर्जत तालुक्यातील पेज नदी बारमाही वाहते, कारण घाटावरच्या आंध्रा धरणाचे पाणी भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून वीज तयार करून खाली येते आणि पेजेतून पुढे उल्हास नदीला मिळते. भिवपुरीचे हे केंद्र १९२२ सालचे. खोपोलीचे केंद्र त्याहून जुने, १९१५ सालचे, आणि त्याचे पाणी पाताळगंगेत येते. तिसरे भिऱ्याचे, मुळशीच्या जलाशयाचे पाणी त्यातून कुंडलिकेत उतरते, आणि कोलाडला राफ्टिंगसाठी गेलेल्यांना पाणी सुटण्याची वेळ धरून तिथे हजर राहावे लागते ते याच कारणाने. भातसा नदीचेही तसेच आहे : धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच पिसे गावाच्या बंधाऱ्यापर्यंत येते, तिथे ते उचलतात, आणि मुंबई-ठाण्याच्या नळांना येणारे बरेचसे पाणी हेच असते.

विजेची मागणी दिवसभर सारखी नसते, त्यामुळे वीज केंद्रातून सुटणारे पाणीही सारखे नसते. दुपारी घोट्याएवढे असलेले पाणी रात्री गुडघ्यापर्यंत येऊ शकते, तेही आकाशात एक ढग नसताना. त्या काठावर राहणाऱ्यांना ही नदीची नेहमीची वेळ वाटते, म्हणून विचारल्याशिवाय ते आपणहून सांगत नाहीत. तेव्हा जागा ठरवताना गावात जाऊन नेमके एवढेच विचारावे : रात्री पाणी वाढते का, किती वाजता, आणि कुठपर्यंत येते? प्रश्न किराणा दुकानदाराला विचारू नये. गुरे पाण्यावर नेणाऱ्याला, नदीत जाळे टाकणाऱ्या कातकरी माणसाला किंवा काठावर कपडे धुणाऱ्या बायकांना विचारावा. कपडे धुण्याचा दगड कोणत्या वेळी पाण्याखाली जातो, हे त्या बायकांइतके अचूक कोणीही सांगू शकत नाही.

मला स्वतःला हे न विचारल्याची शिक्षा मिळालेली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, जानेवारीत, अशाच एका नदीकाठी आम्ही अकरा जण होतो आणि खरकटी भांडी पाण्यात भिजत घालून झोपलो होतो, कारण तितक्या थंडीत रात्री भांडी घासायला कोणीच तयार नव्हते. पहाटे पाचच्या सुमारास उठून पाहिले तर भांडी जागेवर नव्हती आणि पाणी आमच्या चुलीच्या राखेला लागलेले होते. मोठे पातेले खाली अर्ध्या किलोमीटरवर दोन खडकांत अडकलेले मिळाले, झाकण आजतागायत मिळालेले नाही. तंबू आणखी दोन हात वर होते, एवढ्यावर निभावले. ते वर होते तेही आमच्या शहाणपणामुळे नव्हे, तर खाली वाळूत खुंटे धरत नव्हते म्हणून. त्या दिवसापासून मी उंची मोजल्याशिवाय तंबूची पिशवी उघडू देत नाही.

उंची मोजायला कोणतेही यंत्र लागत नाही. पाण्याची पारदर्शक बाटली अर्धी भरून घ्या, पाण्याच्या अगदी कडेला पाय ठेवून उभ्या राहा आणि बाटली आडवी करून डोळ्यांसमोर धरा. आतले पाणी स्थिर झाले की त्याची रेघ आडवी सपाट होते. त्या रेघेवरून समोरच्या उताराकडे पाहा. नजर जिथे जमिनीला टेकते ती जागा पाण्यापेक्षा तुमच्या डोळ्यांइतकी, म्हणजे साधारण दीड मीटर उंच आहे. एखादा दगड किंवा झुडूप लक्षात ठेवून तिथे चालत जा आणि तिथून पुन्हा एकदा तसेच पाहा. दुसऱ्यांदा नजर टेकते तिथे तुम्ही पाण्यापासून तीन मीटर वर आलात. कोरड्या दिवसांत, कुटुंब बरोबर असताना, मी त्या दुसऱ्या खुणेच्या खाली तंबू लावत नाही. एकटा असताना कदाचित लावीनही, पण तो माझा आणि माझ्या पातेल्याचा प्रश्न आहे. तुमच्या मुलाला हे बाटलीचे काम द्या. नऊ वर्षांच्या मुलाला ते फार आवडते आणि तो मोठ्या माणसांपेक्षा प्रामाणिकपणे मोजतो.

त्याच्या जोडीला पुराची रेघ शोधा. काठावरच्या करंज, उंबर किंवा वाळुंजाच्या फांद्यांत वाळलेले गवत, चिंध्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या एका ठरावीक उंचीपर्यंत अडकलेल्या दिसतात. ती गेल्या पावसाळ्याची पातळी. डिसेंबरात त्या रेघेच्या खाली राहू नये असे मी म्हणत नाही, कारण काही ठिकाणी ती तुमच्या डोक्याच्याही वर असते. पण ती मुलांना मुद्दाम दाखवावी, म्हणजे ही नदी काय करू शकते हे त्यांना व्याख्यान न देता समजते. २७ जुलै २०१९ रोजी याच उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले होते. गाडीच्या खिडकीतून ती नदी डिसेंबरात पाहिली तर ही गोष्ट खोटी वाटते. जून ते सप्टेंबर या काळात नदीकाठचा मुक्काम मी कोणालाही सुचवत नाही. ठाणे आणि रायगडचे जिल्हाधिकारी पावसाळ्यात धबधबे आणि नदीपात्रांवर अनेकदा बंदी घालतात, तीही पाळावी. ऑक्टोबरात परतीच्या पावसाची दुपारची गडगडाटी सर येते, म्हणून माझा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो. तुमचा डिसेंबर त्यात नीट बसतो.

जागा ठरली की पाण्याच्या कडेला एक काठी रोवा आणि पाणी टेकते तिथे सुरीने खाच करा. तासा-दीड तासाने ती पाहायची. दोन बोटे वाढले तर कोणी तरी अर्धा तास लक्ष ठेवायचे, वीतभर वाढले तर चर्चा न करता सामान वर न्यायला लागायचे. पाणी अचानक गढूळ झाले, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहू लागल्या किंवा आवाज बदलला, तर काठीकडेही पाहू नका. वर जाण्याची वाट उजेडात एकदा चालून पाहा आणि तिच्यात कुठलाही ओढा ओलांडावा लागत नाही याची खात्री करा. गाडी चढाकडे तोंड करून लावा आणि चावी दोघांनाही माहीत असलेल्या एकाच ठिकाणी ठेवा. वाहते पाणी नुसते वीतभर असले तरी मोठ्या माणसाचे पाय सुटतात आणि दोन फूट असले तर बहुतेक मोटारी वाहून जातात; म्हणून पाणी आलेल्या फरशीवरून, म्हणजे बुडत्या पुलावरून, गाडी काढण्याचा विचार कोणत्याही परिस्थितीत करू नये.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या. तुम्ही पेजेच्या संगमाच्या खाली जाणार की वर, यावर पाण्याचे वागणे बदलेल. जागा खासगी शेताची आहे, गावठाणाची आहे की वनखात्याची, यावर परवानगी बदलेल. वनजमिनीवर वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही आणि तानसा अभयारण्यासारख्या ठिकाणी तर त्याचा विचारही करू नये. तुमच्याबरोबर आणखी एक धडधाकट मोठे माणूस आहे की नाही, यावर सर्वांत जास्त बदलेल. तुम्ही दोघे, दोन मुले आणि सासूबाई असा हिशेब केला तर एकाने चूल पेटवली आणि दुसऱ्याने तंबू लावला की मुलांकडे बघायला सासूबाई उरतात आणि नदीकाठी हे चालत नाही. पहिल्या खेपेसाठी माझा सल्ला असा की भाऊ, दीर किंवा मित्राचे कुटुंब बरोबर घ्या. ते जमत नसेल तर नदीकाठच्या शेतघरातली एक खोली आणि बाहेरचे अंगण भाड्याने घेऊन तंबू अंगणात लावा. कर्जत-नेरळ-मुरबाड भागात अशी शेतघरे मिळतात. सासूबाईंना खोलीत खाट आणि जवळ संडास मिळतो, मुलांना तंबूत झोपल्याचे समाधान मिळते. यात काही कमीपणा नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री दोनदा जमिनीवरून उठून, वाकून, चेन उघडून बाहेर पडायला लावणे मला तरी योग्य वाटत नाही. शिवाय चार माणसांचा तंबू हा कंपनीच्या हिशेबाने चार माणसांचा असतो. पिशव्यांसकट त्यात दोन मोठी आणि दोन लहान माणसेच मावतात, पाचवे माणूस मावत नाही.

मुले आणि पाणी याबद्दल मला थोडे जास्त लिहावे लागेल, कारण या भागातील नद्यांवर दर वर्षी जे घडते ते बहुतेक पुरामुळे नव्हे, तर शांत दिसणाऱ्या डोहांमुळे घडते. वाळू उपसलेल्या ठिकाणी पात्रात खड्डे राहतात. काठावर गुडघ्याएवढे पाणी असते आणि पुढच्या पावलाला तळ नसतो. खडकाळ ठिकाणी कातळात कोरलेले कोंड असतात आणि त्यांच्या कडेला शेवाळ असते. तिथे पडलेल्या पोहणाऱ्यालाही हाताला धरायला काही मिळत नाही. म्हणून मुलांनी कुठे खेळायचे ते आधी मोठ्या माणसाने स्वतः पाण्यात उतरून, हातात लांब काठी घेऊन, पुढची जमीन टोचत ठरवावे. तळ दिसतो, पाणी मुलीच्या गुडघ्याच्या वर जात नाही आणि प्रवाहाच्या खालच्या बाजूला लगेच डोह नाही, अशी आठ-दहा पावलांची जागा मिळाली की तिच्या चारही कोपऱ्यांवर दगडांचे ढीग करा. त्या ढिगांच्या बाहेर नदी नाही, असे मुलांना सांगायचे. माझ्या अनुभवात ‘खोल पाण्यात जाऊ नका’ हे वाक्य मुलांना कळत नाही, दगडांची हद्द कळते.

पाण्यात मुले असतील तेवढा वेळ एका मोठ्या माणसाने फक्त बघण्याचे काम करावे, आणि पाच वर्षांच्या मुलीपासून हात पुरेल एवढ्याच अंतरावर असावे. हे काम पंधरा-वीस मिनिटांनी बदलून घ्यावे आणि बदलताना तोंडाने सांगावे, ‘आता तू बघ’. दोघेही तिथेच असताना प्रत्येकाला दुसरा बघतो आहे असे वाटते, आणि घात होतो तो त्याच वेळी. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर येते, मान मागे जाते आणि सगळे शांतपणे होते. मुलांसाठी वजनाप्रमाणे बसणारी, पायांमधून पट्टा येणारी लाइफ जॅकेटे घ्या. गाडीची फुगवलेली ट्यूब हे खेळणे आहे, ती सुरक्षेचे साधन नाही, कारण वारा आणि प्रवाह तिला मुलासकट ओढून नेतात. एक वीस लीटरचा रिकामा, घट्ट झाकणाचा कॅन आणि त्याच्या कानाला बांधलेला पंधरा मीटर दोर काठावर तयार ठेवा. कोणी पाण्यात सापडलेच तर आधी काठी पुढे करायची, ती पोचत नसेल तर कॅन फेकायचा, ओढणी किंवा साडी असेल तर ती टाकायची. पोहता न येणाऱ्याने मागे उडी मारायची नाही. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा उतरतो, म्हणून एकाच घरातली दोन-तीन माणसे जातात. हे सासूबाईंच्या देखत, निघण्याआधी घरीच बोलून ठेवा.

थंडीबद्दल ऐरोलीवरून अंदाज बांधू नका. खाडीकाठची हवा दमट आणि उबदार असते, आणि कर्जत-बदलापूरच्या खोलगट पट्ट्यात रात्री डोंगरावरची थंड हवा उतरून नदीवर साचते. पहाटे धुके येते आणि दव असे पडते की बाहेर ठेवलेली चादर पिळून काढावी लागते. अंगाखाली काय आहे हे अंगावर काय आहे यापेक्षा महत्त्वाचे : ताडपत्री, तिच्यावर फोमची चटई आणि तिच्यावर घरची गोधडी, असे तीन थर करा. तंबूच्या वरच्या जाळ्या पूर्ण बंद करू नका. चार माणसांच्या श्वासाची वाफ आतून कापडाला लागून पहाटे टपकते आणि लोकांना तंबू गळतो असे वाटते. ऊब यावी म्हणून निखाऱ्यांची शेगडी, पेटती मच्छर अगरबत्ती किंवा गॅसची शेगडी आत नेऊ नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही. या एका बाबतीत मी कोणाचेही ऐकून घेत नाही.

साप आणि विंचू यांची भीती तुम्ही तुमच्या प्रश्नात शेवटी, थोडी संकोचून लिहिली आहे, पण प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे असे चार महत्त्वाचे विषारी साप आहेत. त्यांतला मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि चावलेले अनेकदा कळतही नाही; पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे नंतर दिसतात. म्हणून तंबूची चेन दिवसाही बंद ठेवायची, उघड्यावर झोपायचे नाही, आणि खरकटे तंबूपासून लांब, डब्यात ठेवायचे, कारण खरकट्याला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. अंधारात पाऊल टाकताना हातात बॅटरी आणि पायात बंद बूट असावेत. बूट रात्री तंबूच्या आत घ्यावेत आणि सकाळी झटकून घालावेत. सरपण उचलताना काठीने ते उलटावे, कारण लाल विंचू त्याखालीच असतो. लहान मुलाला तो चावला आणि घाम, उलट्या, हातपाय गार पडणे असे काही सुरू झाले, तर उशीर करू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या विषावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवले तेव्हापासून वेळेवर दवाखान्यात पोचलेली मुले वाचू लागली. साप चावल्यावर कापणे, चोखणे, दोरी आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. चावलेला भाग हलू न देता माणसाला आडवे ठेवून सरकारी रुग्णालयात न्यावे. निघण्याच्या आधी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात फोन करून सर्पदंशाची लस आहे का ते विचारा, तिथपर्यंतचा रस्ता एकदा पाहून घ्या आणि १०८ हा क्रमांक सासूबाईंच्या फोनमध्येही असू द्या. नदीच्या खोलगट भागात फोन लागत नाही, म्हणून कुठे उभे राहिले की रेंज येते ते दुपारीच शोधून ठेवा.

झाडाखाली तंबू लावताना वर पाहा. वाळलेली फांदी नको आणि आग्या मोहोळ तर मुळीच नको, कारण त्याला खालचा धूर लागला की पळायला जागा पुरत नाही.

स्वयंपाकाचा बेत साधा ठेवा. पहिल्याच खेपेला तीन पदार्थ करायला गेलात तर सगळी संध्याकाळ चुलीपाशी जाईल आणि मुलांकडे पाहायला कोणी उरणार नाही. घरून पिठल्याचे पीठ आणि चटणी न्या, तिथे पिठले-भात करा. चुलीसाठी दगड मात्र पाण्यातले उचलू नका, काठाच्या वरचे कोरडे घ्या. पाणी मुरलेला दगड तापला की आतल्या वाफेने फुटतो आणि त्याची कपची डोळ्यात जाण्याइतकी जोरात उडते; मी हे एकदा चहाच्या वेळी पाहिले आहे, चहाचे भांडे आडवे झाले आणि सुदैवाने तेवढेच झाले. सहल जानेवारीवर ढकलता आली तर वालाच्या शेंगा भरलेल्या असतात आणि पोपटी लावता येते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर जाडे मीठ आणि ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, वर पुन्हा पाला दाबून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती काटक्या-पाचोळ्याचा जाळ करायचा. आत पाण्याचा थेंबही घालायचा नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडल्यावर ते चर्र करून लगेच उडाले की झाले असे समजतात. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी घरून न्या, माणशी सहा लीटर धरा. नदीचे पाणी कितीही नितळ दिसले तरी वरच्या गावांचे सांडपाणी आणि गुरे त्यातच उतरतात. संडासाला पाण्यापासून दोनशे फूट दूर, वर चढून जावे आणि वीतभर खड्डा करून बुजवावा.

निघण्याची वेळही ठरवून ठेवा. शनिवारी दुपारी एकच्या आत जागेवर पोचला नाहीत तर बाटलीने उंची मोजणे, वाट चालून पाहणे आणि पाण्याचा तळ टोचणे यांतले काहीतरी अंधारात राहून जाईल. उशीर झालाच तर त्या रात्री शेतघरातच झोपा आणि तंबू सकाळी लावा. रविवारी ऊन वर आले की तंबू उलटा करून तळ वाळवा, पण तेवढ्याने तो वाळत नाही. ऐरोलीला पोचल्यावर तो गच्चीत किंवा बाल्कनीत दोन दिवस पसरून ठेवा, चेनीच्या दातांतली वाळू जुन्या दातांच्या ब्रशने काढा आणि मगच पिशवीत भरा, नाहीतर पुढच्या खेपेला पिशवी उघडाल तेव्हा कापडावर काळी बुरशी आलेली असेल.